व्हर्नाची मोजणी

व्हर्ना ट्रेझोना खोटं बोलत नसे. ऐकायला हा गुण चांगला वाटतो. तिच्याबरोबर काम करावं लागलं म्हणजे कळतं. मी एकदा केस कापून आलो आणि ऑफिसात सहज विचारलं, "कसा दिसतोय?" तर कॉम्प्युटरवरची नजर न हलवता म्हणाली, "पुढच्या मंगळवारपर्यंत टोपी घाल." मी घातली. वर तिला विचारलंच कशाला, याचा माझा मलाच राग आला तो वेगळाच.

मी आर्विड हाइक्कला. ऑटर पॉइंटच्या विशेष शाळेची बस चालवतो, चोवीस वर्षं झाली. कागदावर आमची शाळा म्हणजे एक स्वतंत्र 'जिल्हा' आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, केवढं मोठं प्रकरण असेल. प्रकरण म्हणजे एक इमारत, चार वर्ग आणि दोन बस, त्यातली एक दुसरीला सुटे भाग पुरवायला. मुलं तीन वर्षांपासून पंचवीस वर्षांपर्यंतची. म्हणजे एका बाकावर अंगठा चोखणारा आणि त्याच्या शेजारी दाढी केलेला, असा आमचा पट. हा पट व्हर्ना सांभाळायची. सुपरिंटेंडंट थॉर्नक्विस्ट साहेब तीन गावांना मिळून एक, त्यामुळे आमच्या वाट्याला आठवड्यातून दीड दिवस यायचे. उरलेले साडेतीन दिवस शाळा व्हर्ना चालवायची, आणि तो दीड दिवस साहेबांनाही तीच चालवायची.

आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी मोजणी असते. त्या दिवशी वर्गात जितकी डोकी बसलेली, तितक्या डोक्यांचे पैसे राज्याकडून येतात. पोर वर्षभर आलं आणि त्या बुधवारी नाही आलं, तर गेलं. शाळेच्या पुढच्या दहा दिवसांत परत वर्गात येऊन बसलं तर धरतात, नाहीतर नाही. म्हणून मोजणीच्या दिवशी सगळ्याच शाळा मुलांना काहीतरी लालूच दाखवतात. कुठे पिझ्झा, कुठे फुगे. आमच्याकडे व्हर्नाच्या पेस्ट्या.

पेस्टी म्हणजे मांस, बटाटा आणि रुटाबागा नावाचा कंद भरलेली हातभर करंजी. तांब्याच्या खाणीत उतरणाऱ्या व्हर्नाच्या पूर्वजांचं खाणं. ते लोक पेस्टीच्या कोपऱ्यावर कणकेचं अक्षर लावायचे, म्हणजे अंधारात कोणाची कुठली ते कळावं. व्हर्नानं ते चालू ठेवलं होतं. मोजणीच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या नावाचं अक्षर लावलेली एकेक पेस्टी. आम्हा नोकरांनाही मिळायची, पण विनाअक्षराची. मी दरवर्षी कुरकुरायचो. ती म्हणायची, "तुला कोण मोजतंय, आर्विड?"

मोजणीच्या अर्जात वंशाचाही एक रकाना असतो. आईबापांनी तो कोरा सोडला, तर ऑफिसातल्या माणसानं मुलाकडे बघून आपल्या अंदाजानं खूण करायची, असा नियम आहे. मी थट्टा करत नाही, खरंच आहे. ज्युनी मिसेगनची आजी बर्नडेट तो रकाना दरवर्षी कोरा सोडायची, आणि बघून खूण करायला व्हर्ना काही तयार व्हायची नाही. शाळा सुटल्यावर बत्तीस मैल गाडी हाकत जायची आणि विचारायची. एकदा मी बरोबर होतो.

"लिही की तुझ्या डोळ्यांना दिसतं ते," बर्नडेट म्हणाली. ती ओजिब्वे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, नवरा फिन्निश, जावई कुठला ते जावयालाही नक्की माहीत नव्हतं.

"माझ्या डोळ्यांना मोतीबिंदू झालाय," व्हर्ना म्हणाली. "तूच सांग. 'दोन किंवा अधिक' असाही एक रकाना आहे."

"दोन किंवा अधिक? पोर एकच आहे गं!"

"ते मला ठाऊक आहे. राज्याला ठाऊक नाही."

बर्नडेटनं तिला कॉफी दिली आणि तिसऱ्या कपाच्या वेळी रकान्यात खूण केली. पुढच्या वर्षी रकाना परत कोरा. मला वाटतं, तिला ती कॉफीची भेट आवडायची. व्हर्नालाही. दोघीही हे मेल्या तरी कबूल करणार नाहीत.

एवढं सगळं करून राज्याचा अहवाल छापून यायचा, तेव्हा आमच्या पानावर नुसत्या चांदण्या. कारण एखाद्या गटात दहापेक्षा कमी मुलं असली, की ती ओळखू येऊ नयेत म्हणून आकड्याच्या जागी चांदणी छापतात. आमच्याकडे सगळेच गट दहाच्या आत. काउंटी बोर्डावरचा रूडी बोलेन, हार्डवेअरचं दुकान असलेला, तो अहवाल घेऊन सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यात तर कोणीच नाही! आपण पैसे देतोय कोणाला?" व्हर्नानं त्याला वीस मिनिटं समजावलं. शेवटी त्यानं मान डोलावली आणि ठराव मांडला की पटावर तीसपेक्षा कमी मुलं झाली, तर शाळा बंद करून मुलं मार्केट नावाच्या मोठ्या गावी पाठवायची. अडीच तास जायला, अडीच यायला. ठराव पास झाला. तेव्हापासून तीस हा आकडा आमच्या मानगुटीवर बसला तो बसलाच.

आता एव्हरेटचं सांगतो. एव्हरेट व्हर्नाचा एकुलता एक मुलगा. त्याला डाउन सिंड्रोम आहे. तीन वर्षांचा असताना पहिल्यांदा माझ्या बसमध्ये चढला तो रडतच, आणि चौथ्या दिवसापासून मला शिस्त लावायला लागला. ड्रायव्हरच्या मागची दुसरी सीट त्याची. मला उशीर झाला की घड्याळ दाखवायचा. "आर्विड, एक मिनिट." झालं, एवढंच. पण दिवसभर टोचत राहायचं. त्याच्या शेजारी ज्युनी बसायची. नऊ वर्षांची, बोलत नाही. तो रस्त्यावरच्या टपालपेट्या मोजायचा आणि ती दर पेटीला बोटानं त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारायची. थांबे घेत, वळसे घालत पन्नास मैल हेच. शाळा आली की सगळे उतरायचे, एव्हरेट उतरायचा नाही. आधी मागच्या टोकापर्यंत जायचा, प्रत्येक सीटखाली वाकून बघायचा, मग म्हणायचा, "कोणी नाही." त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या कामाच्या यादीत ते होतं, मी करत नव्हतो, हे त्यानं पाहिलं असावं.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्ना नवीन पट लिहायला बसली. एकतीस नावं होती. नियम असा की एक सप्टेंबरपर्यंत ज्याला सव्विसावं पूर्ण झालं, त्याचं नाव काढायचं. एव्हरेटचा जन्म एक सप्टेंबरचा.

थॉर्नक्विस्ट साहेब म्हणाले, "व्हर्ना, 'पर्यंत' म्हणजे तो दिवस धरून की सोडून, यावर वाद घालता येईल. कोणी तपासणार नाही. राहू दे त्याला एक वर्ष."

मी तिथेच चाव्या घ्यायला उभा होतो. व्हर्नानं ड्रॉवरमधून एक जुनी फाइल काढली. "सुलो कंतोलाचा वाढदिवस एकतीस ऑगस्ट," ती म्हणाली. "त्याची आई ह्याच खुर्चीवर बसून रडली. एका दिवसानं काय होतं म्हणाली. मी तिला सांगितलं, एक दिवस म्हणजे एक दिवस. आता मी कुठल्या तोंडानं तिच्यासमोर चर्चमध्ये उभी राहू?"

आणि तिनं एव्हरेटच्या नावापुढे 'वयोमर्यादा पूर्ण' असं लिहिलं. तीस उरली. नाकाच्या टोकावर चष्मा होता, तो नीट केला, आणि मला चाव्या दिल्या. मला तिचा इतका राग आला होता की मी चुकीची चावी घेऊन गेलो.

आमच्या भागात सव्विशीनंतर काहीच नाही. कारखाना नाही, केंद्र नाही, काही नाही. घर आणि टीव्ही. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली त्या सकाळी व्हर्ना मला म्हणाली, "तो थांब्यावर उभा असेल. मी सांगितलंय, पण तो येईलच. तू थांबू नकोस. पटावर नसलेल्या माणसाला बसमध्ये घेता येत नाही, विमा नाही." सात दहाला मी वळण घेतलं. एव्हरेट डबा घेऊन उभा. माझ्याकडे बघून त्यानं हात केला. मी गेलो पुढे. आरशात पाहिलं, तर तो घड्याळ बघत होता. त्याला वाटलं, मी चुकून विसरलो. आयुष्यात मी पुष्कळ हलकट गोष्टी केल्यात, पण त्या सकाळची मला अजून लाज वाटते.

पुढचा थांबा ज्युनीचा. ती दोन पायऱ्या चढली, दुसरी सीट रिकामी दिसली, तशी पायरीवरच बसली. मग उतरून घरात गेली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. बर्नडेट तिला आपल्या पिकअपमधून शाळेत सोडायला लागली. व्हर्नानं मला विचारलं, "ज्युनीला बसचं काय झालं?" मी म्हणालो, "काय की बुवा." मला सगळं माहीत होतं. पण आईला कसं सांगणार, की बाई, तू एक नाव काढलंस आणि त्याच्याबरोबर दुसरंही चाललंय?

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी बर्नडेटच्या पिकअपचा गिअरबॉक्स गेला.

मोजणीच्या दिवशी व्हर्ना पहाटेच अक्षराच्या तीस आणि आम्हा नोकरांच्या कोऱ्या पेस्ट्या घेऊन आली. राजधानीतून तपासायला एक मुलगी आली होती, मिस डेजार्डिन, नव्या कोऱ्या फाइलसकट. तिनं चारही वर्गांतून फिरून डोकी मोजली. एकोणतीस. परत मोजली. एकोणतीस. ट्रेमध्ये 'ज' अक्षराची पेस्टी तशीच राहिली होती.

थॉर्नक्विस्ट साहेबांनी त्या मुलीला कॉफी विचारली आणि व्हर्नाला दारापाशी घेऊन कुजबुजले, "एव्हरेट घरीच आहे ना? सात मिनिटांवर? आणून बसव कुठेतरी. ती डोकी मोजतेय, दाखले नाही."

व्हर्ना सरळ मिस डेजार्डिनपाशी गेली. "एकोणतीस बरोबर आहे," म्हणाली. "सही कुठे करू?"

त्या पोरीलाच वाईट वाटलं. "शाळेचे दहा दिवस आहेत तुम्हाला," ती म्हणाली. "मुलीला वर्गात आणा, मी आकडा बदलीन. नाही आली तर मला बोर्डाला एकोणतीस कळवावे लागतील."

"ठाऊक आहे," व्हर्ना म्हणाली. "पेस्टी घेऊन जा. अक्षर नाहीये त्यावर."

दुसऱ्या दिवशी व्हर्ना स्वतः गाडी घेऊन बर्नडेटकडे गेली. ज्युनी ओसरीखाली जाऊन लपली ती तीन तास बाहेर आली नाही. शिक्षिका गेली. साहेब गेले, त्यांना तर कुत्र्यानंच आत येऊ दिलं नाही. चार दिवस संपले. पाचव्या दिवशी मला राहवेना. ऑफिसात गेलो, दार लावलं आणि सांगून टाकलं.

"एव्हरेटची सीट रिकामी आहे म्हणून ती चढत नाही. पहिल्या दिवसापासून."

व्हर्ना टाइप करायची थांबली. "पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"आणि तू हे आज सांगतोस? तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस महिनाभर? तीस मुलं उद्या पाच तास रस्त्यावर काढतील, मूर्खा! तुला काय वाटलं, मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं?"

"हो," मी म्हणालो.

तिचे डोळे भरले होते, ते तिनं लपवले नाहीत आणि पुसलेही नाहीत. मग खालचा ड्रॉवर उघडून तिनं एक पिवळी पडलेली जाहिरात काढली. 'बस-मदतनीस पाहिजे. मुलांचे पट्टे बांधणे, फेरीच्या शेवटी सर्व सीट तपासणे.' दोन वर्षं ती जाहिरात गावभर चिकटवली होती. त्या पगारात एक माणूस फिरकला नव्हता.

"मी त्याची आई," ती म्हणाली. "मी हे टेबलावर ठेवीन आणि खोलीबाहेर जाईन. एक शब्द बोलणार नाही. बाकी तुमचं तुम्ही."

तसंच केलं तिनं. दुसऱ्याच दिवशी साहेब, रूडी बोलेन आणि मी बसलो होतो. व्हर्ना कागद ठेवून बाहेर गेली. रूडी म्हणाला, "हे बघ आर्विड, पोरगा गोड आहे, माझ्या दुकानात येतो, सगळे स्क्रू मापानं लावून जातो. पण मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. त्याला जमेल याला पुरावा काय?"

पुरावा होता. तो फक्त मला आणि एव्हरेटला माहीत होता.

मी म्हणालो, "तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, उणे वीस होतं त्या दिवशी, मी शाळेत मुलं उतरवली, बस लावली आणि चाव्या काढून निघालो. मागे बघितलं नाही. एव्हरेट उतरेना. मी ओरडलो त्याच्यावर. तो मागे गेला, शेवटच्या सीटखाली लहान टेसा झोपली होती, तिला उचलून घेऊन आला. मी दुपारी अडीचपर्यंत बसकडे फिरकलो नसतो. पोर गेली असती. मी कोणाला सांगितलं नाही. त्याला म्हटलं, कोणाला सांगू नकोस. त्यानंही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तो सगळ्या सीट दोनदा बघायला लागला."

टेसा ही रूडीची नात, त्या ठरावानंतर पटावर आलेली.

रूडी उठला, टोपी घातली, परत काढली. मला वाटलं, आता हा मला मारणार, आणि मारायला हवं होतं. तो साहेबांना म्हणाला, "द्या त्याला नोकरी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू माझ्या दुकानात पाय ठेवायचा नाहीस." मी अजून ठेवलेला नाही. खिळे आणायला चाळीस मैल जातो.

मला पाच दिवसांचं बिनपगारी निलंबन मिळालं. पण दुसरा ड्रायव्हर नव्हता, म्हणून ते नाताळच्या सुट्टीत ढकललं.

एव्हरेटचे बोटांचे ठसे शेरीफकडे झाले, अग्निशमन केंद्रात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. ठशांचा कागद यायला वेळ लागला आणि आला तो नवव्या दिवशी दुपारी. दहाव्या दिवशी सात दहाला मी वळण घेतलं. एव्हरेट केशरी जाकीट घालून उभा. मी दार उघडलं. चढला, दुसऱ्या सीटवर बसला, घड्याळ बघितलं.

"आर्विड," तो म्हणाला, "बत्तीस दिवस."

मी गाडी पहिल्या गिअरमध्येच दोन मैल नेली.

बर्नडेटच्या दाराशी ज्युनी उभी होती, ओसरीखाली शिरायच्या तयारीत. एव्हरेट खाली उतरला नाही, हाक मारली नाही. नुसतं सरकून जागा केली. ती एक पायरी चढली, दुसरी चढली, बसली. त्यानं तिचा पट्टा बांधला, प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे दोनदा ओढून पाहिला. पहिली टपालपेटी आली तेव्हा त्याच्या गुडघ्यावर टिचकी पडल्याचा आवाज मला पुढे ऐकू आला.

मिस डेजार्डिन सकाळपासून येऊन बसली होती. तिनं तीस लिहिले. व्हर्नानं परत सगळ्यांसाठी पेस्ट्या आणल्या होत्या. एव्हरेटनं आपली पेस्टी उलटसुलट करून बघितली.

"माझं अक्षर?"

"नोकरीवाल्यांना अक्षर नसतं," व्हर्ना म्हणाली.

त्यानं माझ्या पेस्टीकडे बघितलं, मग आपल्या. मग ती घेऊन चारही वर्गांत फिरला आणि प्रत्येकाला कोरा कोपरा दाखवून आला.

व्हर्ना यंदा जूनमध्ये निवृत्त झाली. निरोपाच्या वेळी कोणीतरी भाषण करायला सांगितलं, तर म्हणाली, "फाइली अक्षरानुसार आहेत," आणि बसली. नवीन आलेली मुलगी परवा कपाट आवरत होती, तिनं एव्हरेटच्या नोकरीचा अर्ज मला दाखवला. "हे चालतं का असं लिहिलेलं?" तिनं विचारलं. अक्षर व्हर्नाचं होतं. वंशाचा रकाना भरलेला, वय भरलेलं, शिक्षणापुढे आमच्या शाळेचं नाव. 'पूर्वानुभव' या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'तेवीस वर्षं. हीच बस.'

मी त्या मुलीला सांगितलं, चालतं. व्हर्नानं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.